पहिली धार कुणाची

तेरा जानेवारी, भोगी. सकाळपासून ओसरीवर बोरं निवडत बसले आहे. एका पाटीत चांगली, दुसरीत किडकी, आणि तिसरीत मला खावीशी वाटतात ती. तिसरी पाटी दरवर्षी कशी भरते ते मला कळत नाही. माझी मुलगी रेवा रविवारी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आमची भट्टी दाखवते आणि शेवटी ओढ्याकाठच्या म्हसोबाकडे नेऊन त्याची गोष्ट सांगते. परवा ती मी पाहुण्यांच्या मागं उभी राहून ऐकली. तिच्या गोष्टीत देवासमोर निळी ज्योत आपोआप प्रकटते आणि मी हात जोडून उभी असते. मी हात जोडलेले नव्हते. माझ्या हातात लोटा होता. तेव्हा खरं काय ते एकदा लिहून टाकते. बोरं कुठं पळून जात नाहीत.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माळशिरसकडच्या एका साखर कारखान्यात मळीपासून दारू काढण्याच्या विभागात केमिस्ट होते. स्वतः थेंबाला शिवत नसत. चांगुलपणाचा काही संबंध नव्हता, कारखान्यातल्या दारूचा वास आयुष्यभराचा डोक्यात बसला होता, इतकंच. मळीची दारू म्हणजे दारू नव्हे, ते रॉकेल आहे, असं ते जेवताना म्हणत, आणि आई म्हणे, जेवताना तरी नको. पुढे त्यांनी नोकरी सोडली, अक्कलकोट रस्त्याला शहराबाहेर जागा घेतली आणि बोरांपासून ब्रँडी काढायचं ठरवलं. आमच्याकडे बोरं उदंड, पाऊस नसला तरी ती येतात, आणि भाव पडला की शेतकरी शेळ्यांना घालतात. परवाना येईपर्यंत माझी दहावी होऊन बारावी आली. तोवर अण्णांनी तांबटाकडून तांब्याचा हंडा घडवून घेतला होता. वर घुमटासारखं टोपण, त्यातून निघालेली लांब नळी, नळी गार पाण्याच्या टाकीतून वळसे घेत खाली उतरलेली. आमच्या घरात फ्रिज नव्हता, पण दारू थंड करायची सोय होती.

टोपण आणि हंड्याच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून तिथं ज्वारीच्या पिठाचा जाड लेप लावायचा. ते पीठ मळायचं काम माझं. आई आतल्या परातीत भाकरीचं पीठ मळायची, मी बाहेरच्या परातीत हंड्याचं, आणि दोन्ही परातींवरून आमची भांडणं व्हायची, कारण अण्णा नेमके चांगल्या मालदांडी ज्वारीचं पीठ उचलून न्यायचे. हंडा तापला की लेप भाजला जाई आणि साऱ्या आवारात कडक भाकरीचा वास सुटे. कुत्री दारात येऊन बसत. चाचणीला म्हणून अण्णा आधी नुसतं पाणी उकळत, तेव्हा ते टोपणाला कान लावून बसायचे. आतून मांजर गुरगुरावं तसा आवाज यायचा. तो आवाज बदलला की जाळ ओढायचा, म्हणजे लाकडं मागं घ्यायची, असं ते मला शिकवत. मला आवाजातलं फार कळायचं नाही, वासातलं कळायचं. थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे, नाकाशी धरायचे. त्याला कोचिंग क्लास लागत नाही.

आई आमच्या गावठाणातल्या शाळेत शिक्षिका होती. चौथीच्या वर्गाला ती व्यसनांचे दुष्परिणाम शिकवायची आणि घरी येऊन आंबत घातलेल्या बोरांच्या पिंपावरचं फडकं घट्ट बांधायची, कारण चिलटं. पिंपांचा आंबूस वास तिच्या साड्यांना लागे म्हणून साड्या शेजारच्या घरी वाळत घालत असू. तरी शाळेचे हेडसर एकदा सगळ्यांसमोर नाक वर करून म्हणाले होते, "बाई, आज घरून प्रसाद घेऊन आलात वाटतं." हे हेडसर व्यसनमुक्ती फेरीच्या पुढे झेंडा घेऊन चालत. संस्थेच्या सभेत तुमचा विषय काढावा लागेल, असं त्यांनी आईला दोनदा सुनावलं होतं. भट्टीतून पहिली बाटली बाहेर पडायच्या आधीच आईची नोकरी जाते की काय, या काळजीत ते वर्ष गेलं. आमचं घर तेव्हा तिच्याच पगारावर चाललं होतं. अण्णांच्या हंड्यावर फक्त कुत्री जगत होती.

पहिलं खरं गाळप भोगीला करायचं ठरलं. बोरं मुरली होती, अण्णांना आणखी थांबवत नव्हतं, आणि नेमकी आदल्या दिवशी दुधनीची आक्का येऊन उतरली. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. मराठी बोलता बोलता ती कानडीत शिरायची आणि रागावली की कानडीतच राहायची. तिनं पिशवीतून स्वतःचा पितळी लोटा, स्वतःचं पाणी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या आणि तुळशीच्या कट्ट्यावर मांडल्या.

"दारूवाल्याच्या घरचं पाणी आमी पिणार न्हाय," ती म्हणाली.

"आक्का, पाणी नळाचं आहे," आई म्हणाली.

"नळ कुटं हाय? तुज्या घरातच हाय की."

शेंगाची चटणी मात्र तिनं आमची घेतली. चटणीला दोष लागत नाही, असं तिचं मत होतं. तिळाची वडीही घेतली, कारण ती सणाची. संध्याकाळपर्यंत धपाटं आणि दहीही सणाचं झालं. फक्त पाण्यावर ती ठाम राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंड्याखाली जाळ लागला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून मागे उभी होती. "पयली धार म्हसोबाला," ती म्हणाली.

यात नवल काही नव्हतं. आमच्यात सगळं पहिलं म्हसोबाचं. पहिलं कणीस, म्हशीचं पहिलं दूध, पाटाचं पहिलं पाणी. म्हसोबाला दारूही चालते, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. पण अण्णांनी मान हलवली. "पहिली धार फेकून द्यायची असते, आक्का."

"देवाचं फेकतोस?"

"ते विष आहे. उकळताना जे घाण आहे ते आधी निघतं. त्यानं डोळे जातात माणसाचे. मधली धार चांगली. मधली देतो की देवाला, पाहिजे तेवढी."

"म्हंजे पयली तू काढून ठिवणार आन् देवाला उष्टं देणार."

"उष्टं कसलं? फेकणार आहे मी."

"आमच्या दुधनीत कुनी बी सांगंल. पयल्या धारंची म्हनजे काय ते. तुला न्हाय ठावं?"

इथंच सगळी गडबड आहे. साऱ्या मुलखात पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात भारी, असा समज. पिणाऱ्यांचा तो समज आणि न पिणाऱ्यांचाही. अण्णांनी तिला हंडा, उकळणं, वाफ, सगळं समजावलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळा झाली आसंल तर काम कर."

दुपारी धार सुरू झाली. नळीच्या तोंडाशी आधी थेंब, मग सुतासारखी बारीक धार. मी तळहातावर चोळून वास घेतला. नखांच्या पॉलिशचा उग्र भपकारा. अण्णांनी ती पहिली धार एका काचेच्या बरणीत धरली आणि बरणी भिंतीकडेला ठेवली. थंड झाली की जिथं रान पेटणार नाही अशा जागी खड्डा करून ओत, असं मला सांगितलं. मग दर थोड्या वेळानं तळहात, वास, तळहात, वास. ऊन कलताना एकदम वास पालटला. बोराच्या लोणच्याची बरणी उघडावी तसा, गोड, धुळकट, उन्हातल्या झाडाखालचा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी धार तोडून नळीखाली नवं भांडं सरकवलं. मला वाटतं त्या दिवसातलं त्यांचं ते सगळ्यात मोठं कौतुक. मी त्यासाठी थांबले नाही, मला पुढच्या लेपाचं पीठ मळायचं होतं, एका जागी भेग पडली होती.

भेग लिंपून मी बरणी ओतायला उचलली तर ती रिकामी. तुळशीच्या कट्ट्यावर बघितलं. आक्काची पिशवी होती, भाकरीचं फडकं होतं, लोटा नव्हता. ज्या लोट्यातून ती आमचं पाणी पिणार नव्हती त्याच लोट्यात आमचं विष भरून ती देवाला गेली होती.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. हंडा सोडून त्यांना हलता येत नव्हतं. जाळ जरा वाढला तर लेप फुटून सगळी वाफ आगीवर येणार. "नुसतं देवावर ओतलं तर काही नाही," ते म्हणाले. "पण उरलेलं गुरव तीर्थ म्हणून वाटणार. एका पळीनं कोण मरत नाही. पण पळीभर कोण घेतंय? तू पळ. सांडून टाक. काहीही कर."

मी पळाले. वाटेत बघते तर आमच्या वस्तीतले सगळे पुरुष ओढ्याकडे निघालेले. अंघोळ केलेले, टोप्या घातलेले, कपाळाला बुक्का. एरवी म्हसोबाला अमावस्येशिवाय कुत्रं फिरकत नसे. आक्कानं गुरवाला, म्हणजे मलकप्पाला, सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि मलकप्पानं ते एकाच माणसाला सांगितलं होतं. तेवढं पुरतं.

म्हसोबा म्हणजे बाभळीखालचा शेंदूर फासलेला धोंडा, वर लाखेनं चिकटवलेले चांदीचे दोन डोळे. मी पोचले तेव्हा आरती चालू होती. इतक्या भक्तीनं, इतक्या खड्या आवाजात म्हटलेली आरती मी नंतर कधी ऐकली नाही. लोटा देवाच्या पायाशी, शेजारी निरांजन, मलकप्पाच्या हातात घंटा. आक्का बाजूला डोळे मिटून. बायकांनी म्हसोबाला शिवायचं नाही, म्हणून ती लांब उभी होती. आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे, डाव्या हातावर उजवा हात ठेवून, ओंजळीचा नीट खोलगट आकार करून उभे होते आमचे हेडसर.

"पिऊ नका," मी ओरडले. "विष आहे ते."

रांग हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "लई भारी असणार की. त्याबिगर पोरगी आडवी येतीय व्हय?"

"बापानं धाडलंय. परत न्यायला."

"आवो, देवाला वाहिलेलं परत नेत्यात का कुटं?"

"डोळे जातील तुमचे," मी म्हणाले.

"जाऊ द्या की. आता बघण्यासारखं काय उरलंय," एक म्हातारा म्हणाला, आणि आणखी हशा झाला.

मी आक्काचा हात धरला. "आक्का, अण्णा म्हणाले..."

"तीर्थ झालं की दारू ऱ्हात न्हाय," आक्का डोळे न उघडता म्हणाली. "आन् इख बी ऱ्हात न्हाय."

आरती संपली. मलकप्पानं पळी उचलली. हेडसरांनी ओंजळ आणखी पुढे केली. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मी दोन माणसांच्या मधून घुसले आणि लोटा उचलला.

"आवो ताई," मलकप्पा किंचाळला, "बाईमानसानं शिवायचं न्हाय हितं!"

"सगळं देवाचं," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. आणि अख्खा लोटा म्हसोबाच्या डोक्यावर उपडा केला.

निरांजनाचं माझ्या लक्षात नव्हतं. भक् असा एक आवाज झाला, फार मोठा नाही, गॅस पेटल्यासारखा, आणि म्हसोबा पायापासून डोक्यापर्यंत निळा झाला. दिवेलागणीची वेळ होती म्हणून ते निळं नीट दिसलं. दुपार असती तर काही दिसलंही नसतं आणि रेवाच्या पाहुण्यांना फक्त बाभळ दाखवावी लागली असती. रांग एका पावलात मागे गेली. हेडसर सगळ्यात जवळ होते. त्यांच्या मिशीची टोकं पिवळी होऊन वळली आणि केस जळाल्याचा वास सुटला. मग शेंदरातलं तेल पेटलं, काळा धूर निघाला, लाख वितळली, आणि म्हसोबाचा उजवा डोळा हळूहळू गालावरून घसरत खाली आला आणि दगडावर टिंग करून पडला.

देवाला पेटवल्यावर काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मलाच आता ओढ्यात ढकलतात की काय असं वाटून मी मागची वाट बघून ठेवली.

आक्का पुढे आली. धोंड्याकडे बघितलं, पडलेल्या डोळ्याकडे बघितलं. अण्णांचं सकाळचं बोलणं तिच्या डोक्यात तेव्हा उतरलं असावं. मग रांगेकडे वळून म्हणाली, "बगितलं का? त्येनं सोताचा डोळा दिला, तुमचं वाचवायला. आता घरी जावा." आणि तरी कुणी हलेना तेव्हा जोरात, "साकु!"

कानडीत साकु म्हणजे पुरे. माणसं जाग्यावर आडवी झाली, नमस्कार घालायला लागली. मलकप्पानं घंटा बडवायला सुरुवात केली. त्या घंटेत आई येऊन पोचली, हाताला तिळाचं कूट तसंच. अण्णांनी तिलाही धाडलं होतं. तिनं जळका धोंडा बघितला, मला बघितलं, आणि मग तिची नजर हेडसरांवर गेली. ओंजळ अजून तशीच होती, ते खाली घ्यायचं विसरले होते.

"सर, तुम्ही?" आई म्हणाली.

"तीर्थ म्हणून आलो होतो, बाई."

"बरोबर आहे. तीर्थाला नाही कसं म्हणणार." मग वर्गात विचारतात तसं, शांतपणे, "मिशीला काय झालं?"

संस्थेच्या सभेत आईचा विषय कधीच निघाला नाही. हेडसर निवृत्त होईपर्यंत व्यसनमुक्ती फेरीचा झेंडा त्यांनी दुसऱ्यांच्या हातात दिलेला होता.

घरी आलो तर अण्णा जिथं होते तिथंच, तळहात नाकाशी. "कुणी प्यायलं?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर खाली बसले आणि मांडीवर हात पुसत राहिले. देव पेटला हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचार करून विचारलं, "ज्योत निळी होती की पिवळी?" निळी, मी म्हणाले. "म्हणजे ताकद बरोबर लागली," ते म्हणाले आणि जाळ ओढायला उठले. आक्का तुळशीच्या कट्ट्यावर बसली होती, रिकामा लोटा मांडीवर. त्याला पॉलिशचा वास येत होता. राखेनं घासला, चिंचेनं घासला, तरी जाईना. शेवटी तिनं आईला हाक मारली. "ए, तुज्या नळाचं तांब्याभर दे गं. घशाला कोरड पडलीय." आई काही न बोलता पाणी घेऊन गेली. तेवढं शहाणपण आमच्या घरात होतं.

तेव्हापासून आमची व्यवस्था तीच आहे. पहिली धार म्हसोबाची. मलकप्पाचा मुलगा लांब काठीला काकडा बांधून ती पेटवतो, लोक नमस्कार करतात, कुणी ओंजळ पुढे करत नाही. उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबांना कोण काय समजावणार असा प्रश्न होता, पण त्यांनी येऊन बघितलं आणि विल्हेवाटीची पद्धत समाधानकारक आहे म्हणाले. आता रेवाला ती निळी ज्योत बाटलीच्या लेबलवर हवी आहे. मी म्हटलं, घाल, पण डोळा खाली पडलेला दाखव. ती नको म्हणते. पाहुण्यांना पडलेला डोळा आवडत नाही म्हणे.

त्या भोगीच्या दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, मी सगळ्यांच्या आधी उठले. अण्णांच्या पेटीतून लाखेची कांडी घेतली, लाख तापवायच्या काकड्यासाठी कापूस, काजळी पुसायला ओलं फडकं. ओढ्यावर कुणी नव्हतं. बायकांनी शिवायचं नाही हे मला ठाऊक होतं, पण जिनं पेटवलं तिनं पुसावं, एवढा हिशेब मला कळत होता. धोंडा पुसला, लाख तापवली, डोळा जागेवर दाबून धरला आणि गार होईपर्यंत तशीच उभी राहिले. हात काढल्यावर दिसलं की तो जरा तिरका बसला आहे. परत तापवायला लाख उरली नव्हती. तो अजून तसाच आहे. डावा डोळा सरळ ओढ्याकडे बघतो, आणि मी लावलेला उजवा, रांगेत सगळ्यांच्या पुढे हेडसर उभे होते त्या जागेकडे.